थकलेला स्टँड

ऑफिसातून आल्यावर लगेच वर घरी जायचं नाही, खाली पार्किंगमध्ये स्कूटर साइड स्टँडवर लावून तिच्यावरच जरा टेकायचं, असं मी एकदा ठरवलं आणि ते इमानेइतबारे पाळलं. (इतक्या नियमितपणे मी आयुष्यात दुसरं काहीही केलेलं नाही. हिला विचारा.) वर मुलांचा गृहपाठ, गळका नळ आणि सासूबाईंचा फोन माझी वाट बघत असतात. खाली नुसती शांतता आणि डिकीतला बिस्किटांचा पुडा. हिला एकच सांगून ठेवलं होतं, "साहेब सोडत नाहीत गं!"

परवा मी असाच हँडलवर पाय टाकून, डोळे मिटून, तोंडात बिस्किट धरून पहुडलो होतो. खालून 'कट' असा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर आणि स्कूटर माझ्यावर. बिस्किट तेवढं जागच्या जागी होतं. पाय काही निघेना. शेवटी मी हाक मारली, ती नेमकी आमच्याच गॅलरीत पोचली.

ही धावत खाली आली. स्कूटर उचलली, मला उचललं.

"लागलं का हो?"

"छे! आत्ताच येतोय बघ. आलो, लावली आणि पडलो."

हिने इंजिनवर हात ठेवला. "हे तर थंडगार आहे."

"येताना वारा फार होता."

"आणि तोंडाला काय लागलंय?"

"धूळ," मी म्हणालो आणि ती धूळ गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी नको नको म्हणत असताना ही माझ्याबरोबर मेकॅनिककडे आली. मी जाताच सुरुवात केली, "हल्ली मालच हलका येतो हो!"

त्याने तुटका स्टँड उजेडात धरला. "माल चांगलाय साहेब. लोखंड थकलंय. ही कड गंजलीय बघा, म्हणजे चीर जुनी. रोज वजन पडून पडून वाढली, काल उरलेलं तुटलं."

"गाडी रोज चालवतो ना, वजन पडणारच!"

"चालवताना स्टँड वर असतो, साहेब. उभ्या गाडीवर रोज कुणीतरी बसतंय."

"बिल्डिंगमधली पोरं असतील."

"पोरांचं काम नाही हे," तो माझ्या पोटाकडे बघत म्हणाला.

माझी पाचावर धारण बसली. दिवसातला माझा एकमेव सुखाचा तुकडा आता गेलाच, हे मी ओळखलं. पण ही शांतपणे म्हणाली, "दादा, नवा जरा जाड बसवा. रोज अर्धा तास बसलं तरी टिकेल असा."

बाहेर येताच मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"गॅलरीतून सगळं दिसतं. तुमची स्कूटर वाजली की मी चहा टाकते. मुलं खेळत असतात, तुम्ही खाली असता. तेवढाच कप मी गरम पिते."

मला अगदी भरून आलं. एवढी समजूतदार बायको, आणि मी तिला साहेबांच्या थापा मारत बसलो! मी गहिवरून म्हणालो, "आजपासून मी थेट वरच येतो. दोघं मिळून चहा घेऊ."

ही चालता चालता थबकली. मग मागे वळून मेकॅनिकला ओरडून म्हणाली,

"दादा, अर्धा नको! तासभर टिकेल असा बसवा!"