गजाभाऊ मागे वळून बघतात

रस्त्याने चालता चालता गजाभाऊ मध्येच गर्रकन मागे वळतात. कुणी हाक मारलेली नसते, गाडीचा हॉर्न वाजलेला नसतो, कुत्रं मागे लागलेलं नसतं. ते वळतात, डोळे बारीक करून मागचा रस्ता, नारळी, विजेचा खांब असं सगळं तपासतात आणि जरासे हिरमुसून पुन्हा चालू लागतात. आमच्या श्रीवर्धनात नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या मानेत काहीतरी बिघाड असावा. मान ठणठणीत आहे. गजाभाऊंना जगाला रंगेहाथ पकडायचंय.

त्यांचं म्हणणं असं, की हे जग म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेला खेळ आहे. आपण जिकडे बघतो तेवढाच भाग तो चालवणारा उभा करतो. पाठीमागचं सगळं बंद. "उगाच वीज कशाला जाळेल तो?" असं गजाभाऊ अगदी त्या चालवणाऱ्याची बाजू घेऊन विचारतात. तेव्हा आपण पुरेशा चपळाईने वळलो, तर एक दिवस मागे काहीच नसलेलं सापडणार. "एकदा तरी त्याला उशीर होईल रे, मधू. यंत्रणा म्हटली की चुकते. मी एक्सचेंजमध्ये होतो, मला विचार."

गजाभाऊंची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक वायर शेवटी कुठल्यातरी खोलीत जाऊन मिळते, यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. मी त्यांचा शेजारी. त्यांच्या आणि माझ्या वाडीच्या मध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा. त्यांच्याकडे पोफळी आणि नारळ, माझ्याकडे पोफळी, नारळ आणि पर्यटक. मी घरीच पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतो.

हे खूळ आलं ते फोनमधून. सुधावहिनी, म्हणजे त्यांची बायको, गेल्या पावसाळ्याआधी वारल्या. एकटे पडले म्हणून पुण्याच्या मुलाने, मंदारने, त्यांना चांगला फोन घेऊन दिला. भजनं ऐकतील, वेळ जाईल, असा त्याचा साधा हिशेब. गजाभाऊंनी एक भजन लावलं. ते संपल्यावर फोनने स्वतःहूनच कुणा स्वामींचं मायेवरचं प्रवचन लावलं आणि प्रवचन संपल्यावर एका गोऱ्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान. दोघांचं म्हणणं एकच निघालं, की हे दिसतं ते खरं नाही. गजाभाऊ त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

मग देवळात कीर्तनाला आलेले बुवा त्यांच्या तावडीत सापडले. बुवांनी नेहमीच्या रंगात सांगितलं, की हा सगळा मायेचा पसारा आहे. गजाभाऊ पहिल्या रांगेतून उठले. "माया कळली, बुवा. तिचं एक्सचेंज कुठाय ते सांगा."

"अंतरात," बुवा म्हणाले.

"अंतरात म्हणजे नेमकं कुठल्या खोलीत?"

बुवांनी घाईघाईने गजर सुरू केला. टाळ इतक्या जोरात वाजले की गजाभाऊंचा पुढचा प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही.

माझ्या पाहुण्यांवर तर त्यांचा फार जुना संशय. शनिवारी येणारे सगळे एकाच साच्यातून काढलेत, असं त्यांचं ठाम मत आहे. तीच गवती टोपी, तीच अर्धी चड्डी आणि गाडीतून उतरल्या उतरल्या तोच प्रश्न, सुरमई ताजी आहे का? "गर्दी दिसायला भरलेली माणसं आहेत ही," गजाभाऊ गडग्यावरून मला कुजबुजतात. एकदा ठाण्याच्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "मागच्या बुधवारी तुम्ही कुठे होतात? नीट आठवून सांगा." त्या बाईंच्या यजमानांनी सामान बांधलं. मी दोन दिवस गजाभाऊंशी बोललो नाही, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पण खरा गोंधळ काशाने घातला. काशा सुपाऱ्या काढायला येतो. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातो, खाली उतरतच नाही. तो शेंड्याला असताना गजाभाऊ खालून ओरडले, "काशा, तू खरा आहेस याची तुला खात्री आहे का?"

काशाने पोफळीला मिठी मारली. "भाऊ, ह्ये वर चढल्याव कशापायी इचारताव? आधी खाली येव द्या!" तो उतरला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "तुमचा डोका ठिकानावर येल तवा बोलवा मना." अर्ध्या सुपाऱ्या झाडावरच राहिल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर आणि रात्रीपर्यंत पुण्यात पोचली.

मंदारचा मला फोन आला. "मधूकाका, स्पष्ट सांगा. बाबांना भ्रम झालाय का? तसं असेल तर मी या रविवारी येऊन त्यांना घेऊन जातो. वाडी कुणाला तरी बघायला देऊ."

पोरगा चांगला आहे, काळजीनेच बोलत होता. पण गजाभाऊ आणि पुण्यातला पाचवा मजला? तिथे हा माणूस महिनाभरात मिटून जाईल. उद्या सांगतो म्हणालो आणि सकाळी त्यांची परीक्षा घ्यायला गडगा ओलांडून गेलो.

ते वाडीतून फेरी मारायला निघालेच होते. आमच्या वाड्यांमधली वाट एका माणसापुरती असते. एका बाजूला पाण्याचा पाट, दुसऱ्या बाजूला पोफळी. पालापाचोळ्यात फुरसं असतं, चावलं तर माणूस जातो. म्हणून पुढचा माणूस काठी आपटत चालतो आणि बाकीचे मागून. नवराबायकोतही हाच रिवाज. गजाभाऊंनी काठी उचलली.

"बरा आलास. मी पुढे बघतो, तू माझ्या मागचं सांगत राहा. विहीर आहे?"

मी वळून पाहिलं. "आहे."

"पंप?"

"आहे."

"घर?"

"आहे हो, गजाभाऊ."

असं बरंच चाललं. मग ते पंपाच्या जळलेल्या मोटारीबद्दल बोलू लागले, आणि मी कंटाळून नुसतं म्हणालो, "हं."

काठी थांबली. गजाभाऊ पाठमोरेच उभे राहिले. मला वाटलं, फुरसं दिसलं.

"सुधा असंच म्हणायची," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती मागून यायची. मी बोलायचो, ती हं म्हणायची. मागे बघायची गरजच काय? हं आलं की आहे." ते काठीच्या टोकाने पाचोळा उकरत राहिले. "त्या दिवशीही मी मोटारीचंच सांगत होतो. हं येईना. म्हटलं रुसली असेल, आदल्या दिवशी जरा वाजलं होतं आमचं. मी फाटकापर्यंत बोलत गेलो रे, मधू. ती इथे, या पाटाशी पडली होती. डॉक्टर म्हणाला, एका क्षणात गेली. पण माझी पाठ होती ना तिकडे. मला काय माहीत?"

मी खाली पाटाकडे पाहिलं.

"हे सगळं खरं असलं, तर मग झालंच," गजाभाऊ म्हणाले. "पण खेळ असला, तर चालवणाऱ्याकडे ती कुठेतरी साठवलेली असेल. एक्सचेंज बंद पडलं तरी नंबर पुसत नाहीत, लाइन जोडता येते. म्हणून बघतो मी मागे. एकदा तरी त्याची चूक सापडू दे."

मग काठी पुन्हा वाजू लागली. मोटार कुणी जाळली, वायरमनने काय घोळ घातला, हे सगळं त्यांनी फाटकापर्यंत सांगितलं आणि मी जागोजागी हं म्हणत गेलो. त्या सबंध वाटेत ते एकदाही वळले नाहीत.

मंदारला मी कळवलं, "भ्रमबिम काही नाही. रविवारी ये, पण राहायला ये." काशालाही समजावून आणलं. आता रोज सकाळी मी त्यांच्या मागून चालतो, पाहुण्यांचा चहा उशिरा होतो. रस्त्यावर गजाभाऊ अजून वळतात. वाडीत वळत नाहीत.

परवा वाडीत माझ्या चपलेतून काटा आरपार गेला. मी कळवळून खाली बसलो आणि एक हं चुकलं. पुढची बडबड मध्येच तुटली. गजाभाऊ धावत आले, काठी न आपटता, पाटात पाय पडेल याचीही पर्वा न करता. चेहरा पांढराफटक.

"काटा आहे, काटा," मी म्हणालो. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने माझा तळवा पुसला. वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, "काय गजाभाऊ, खराय का हा काटा?"

"रक्त येतंय, गाढवा," ते म्हणाले. "ऊठ."

मला उठवून त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि वाटेत पुढे उभं केलं. "आता तू पुढे चाल. आणि बोलत राहा."

मी लंगडत, काठी आपटत, सुरमईच्या भावाचं आणि शनिवारच्या पाहुण्यांचं रडगाणं सांगत सुटलो. आणि दर वाक्याला मागून गजाभाऊ म्हणत होते, "हं."