भक्कमरावांची पाचमजली पडझड

भक्कमराव ठेकेदारांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते भक्कमराव, कारण दर तिसऱ्या वाक्याला 'भक्कम' आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढेच सरकत नसे. पाया भक्कम, चहा भक्कम, सर्दी झाली तरी ती भक्कम! "आपल्या हातची भिंत पाडायची तर आधी मला पाडावं लागेल," असं ते छाती ठोकून सांगत. पण वर्षभर कोणी त्यांच्याकडून भिंत बांधूनच घेतली नव्हती, त्याला काय करणार?

गवंडी, सुतार आणि जुने मुकादम रोज सकाळी गोदामाच्या दारात येऊन बसत. भक्कमराव त्यांची नजर चुकवत हवापाण्याच्या गप्पा मारत आणि आत जाऊन उगाचच फावडी मोजत. अशात पलीकडच्या गल्लीतल्या रहिवाशांनी आपली पाचमजली इमारत नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं. हे काम मिळालं तर माणसं टिकणार, नाही मिळालं तर गोदामाला कुलूप. सरळ हिशोब!

शर्यतीत दुसरा एकच ठेकेदार होता. बूट, केस, बोलणं, सगळंच चकचकीत, म्हणून त्याला 'पॉलिश' म्हणत. त्याने रहिवाशांच्या समितीला पुठ्ठ्याची सुबक इमारत करून दाखवली होती, खिडकीतल्या कुंड्यांसकट.

"पुठ्ठा!" भक्कमराव घरी येऊन कडाडले. "बाहुलीच्या लग्नाला द्या म्हणावं! मी लोकांना आत हिंडवून आणीन, आत!"

"मग गेममध्ये बांधा ना, बाबा," लेक म्हणाली.

लेक कॉलेजात होती आणि इंटरनेटवर गेम बनवायची. तिथे एक असा प्लॅटफॉर्म होता की कोणीही उठावं, आपला गेम बनवावा आणि जगातल्या कोणीही तो खेळावा. बनवणाऱ्यांना क्रिएटर म्हणायचे. भिंती, दारं, जिने माउसने उचलायचे आणि हवे तिथे ठेवायचे. एवढंच? भक्कमरावांनी बाह्या सरसावल्या. दिवसभर खुर्चीला चिकटून ते विटेवर वीट रचू लागले. जेवायला हाक मारली की "स्लॅब चालू आहे!" असं ओरडत. शेवटी दारात स्वागताला एक तयार पुतळा आणून उभा केला, त्याला स्वतःचा हसरा फोटो डकवला आणि खाकरून स्वतःचा आवाज भरला: "या, या! काम भक्कम आहे, घाबरू नका!"

लेकीने सहज डोकावून पाहिलं. "छान झालंय हो! पण प्रत्येक तुकड्याला अँकरची खूण केलीत ना? खूण नसेल तर तो जागेवर राहत नाही. आणि एकदा प्ले दाबून बघा."

"अगं ए, तुझ्या जन्माआधीपासून मी स्लॅब टाकतोय. इमारत कशी उभी राहते ते तू मला शिकवणार? नीट रचलेली वीट आपल्या वजनाने बसते. आणि प्ले कशाला दाबू? खेळायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

लेकीची परीक्षा तोंडावर होती. "बरं, बाबा," म्हणून ती निघून गेली. आता गंमत अशी की बनवताना पडद्यावर सगळं गपगुमान उभं असतं. प्ले दाबला की मगच त्या जगात वजन येतं. भक्कमरावांच्या इमारतीत वजन आलेलंच नव्हतं! त्यांनी समाधानाने 'सर्वांसाठी खुला' वर बोट दाबलं आणि ढेकर दिला.

समितीचा निर्णय व्हायचा त्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन वाजला. 'अभिनंदन! या आठवड्याच्या कम्युनिटी न्यूजमध्ये तुमचा गेम सर्वात वर!' ही कम्युनिटी न्यूज म्हणजे त्या प्लॅटफॉर्मवरच्या मंडळींचं साप्ताहिकच. कोणी नवीन काय बनवलं, काय गाजलं, सगळं त्यात. यात नाव यावं म्हणून क्रिएटर वर्षानुवर्षं झुरतात.

"अगं, ऐकलंस का! पहिल्याच घासाला पहिला नंबर!"

"बातमी पूर्ण वाचा तरी," बायको म्हणाली.

"कौतुकात वाचायचं काय असतं?" असं म्हणत भक्कमरावांनी ती बातमी रहिवाशांच्या ग्रुपवर धाडली आणि खाली लिहिलं: 'आमच्या कामाची जगाने दखल घेतली. कृपया सर्वांनी आत जाऊन स्वतः खात्री करावी. शक्यतो सहकुटुंब.' तीच बातमी मुकादमांना गेली, मेहुण्याला गेली, दाढी करणाऱ्यालाही गेली.

पडद्यावर आत असलेल्यांचा आकडा चढत होता. शेकडो झाले, हजारो झाले! भक्कमरावांचा ऊर भरून आला. "बघ, केवढी माणसं घुसलीत! आणि कसा भार पेलतेय बघ!"

तेवढ्यात मुकादमांचा फोन आला.

"साहेब, मी आत जाऊन आलो."

"मग? कसं वाटलं?"

"साहेब... तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे... सगळा जिना तुमच्या अंगावर आला की हो!"

"मुकादम, भरदुपारी काय घेतलंय?"

तेवढ्यात लेक पेपर देऊन धापा टाकत घरात शिरली. "बाबा! अख्खा वर्ग तुमच्या आवाजात बोलतोय!" तिने फोन हिसकावला आणि मोठ्याने वाचायला लागली:

"'या आठवड्यात पोट धरून हसवणारा गेम! आत पाऊल टाकताच पाचही मजले धाडकन कोसळतात आणि ठेकेदार मात्र हसतमुखाने उभा! ठेकेदारांची इतकी झणझणीत टिंगल आजवर कोणी केली नव्हती. या क्रिएटरला सलाम!'"

भक्कमरावांच्या हातातली बशी खाली पडली. "टिंगल? कोणी केली टिंगल?"

"तुम्ही, बाबा." लेकीने प्ले दाबला.

आणि भक्कमरावांनी आपली इमारत पहिल्यांदा उभी पाहिली. जेमतेम श्वास घेईपर्यंत! मग गच्ची एकदम खचली. पाचवा मजला चौथ्यावर, चौथा तिसऱ्यावर, दारं, संडास, कठडे, सगळं धडाधड खाली! राशीच्या मधोमध फक्त पुतळा उभा, कारण तो तयार मिळाला होता आणि त्याला अँकर आधीपासूनच होता. तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "या, या! काम भक्कम आहे, घाबरू नका!"

भक्कमराव मटकन खाली बसले. तोंडाचा आ वासलेला तो मिटेचना. बायकोने पाणी आणलं, तर ते प्यायचं असतं हेसुद्धा त्यांना आठवेना.

"ग्रुपवरचं काढून टाक!" ते एकदम ओरडले.

"सगळ्यांनी पाहिलंय, बाबा. समितीच्या बाईंनी अंगठा पण दिलाय."

"कसला अंगठा? वर की खाली?"

"वर. पण तो उपरोधाने असेल."

"सरक!" भक्कमरावांनी माउस पकडला. एकूण एक तुकडा निवडला, अँकर, अँकर, अँकर! "आता बघतो कोण पडतंय!"

"दारांना नको, बाबा! दारं उघडणार नाहीत!"

पण भक्कमरावांनी ते नवं रूप सर्वांसाठी खुलं केलं सुद्धा होतं. इमारत आता खडकासारखी उभी राहिली आणि तिचं एकही दार उघडेना. लोक बाहेर तुंबले, दारं बडवू लागले, आणि पुतळा आपला "या, या!" करतोय. त्यात जे आधीपासून आत होते त्यांच्यासाठी जुनीच आवृत्ती चालू राहते म्हणे, तेव्हा तिकडे पडझड सुखेनैव चालूच! खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला: 'आमची इमारत परत पाडा!' 'पडझड हा आमचा हक्क आहे!' आणि कम्युनिटी न्यूजने पुढच्या आठवड्याची वाट न बघता ताजी बातमी टाकली: 'क्रिएटरची नवी कमाल! आता ठेकेदार बोलावतो, पण घराचा ताबाच देत नाही. काय ते मार्मिक भाष्य!'

"अगं, मी काहीही भाष्य केलेलं नाही!" भक्कमराव कळवळून म्हणाले. "मी फक्त इमारत बांधली!"

संध्याकाळी ते समितीपुढे गेले ते पालकांना शाळेत बोलावणं गेलेल्या पोरासारखे. बैठक त्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच होती. खोलीत शिरले तर सगळ्या माना फोनमध्ये, आणि एकेका फोनमधून त्यांचाच आवाज: "या, या! काम भक्कम आहे..." कोपऱ्यात पॉलिश मांडीवर पुठ्ठ्याची इमारत घेऊन बसला होता आणि हसू दाबून दाबून लाल झाला होता. समोर बाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आता समितीच्या प्रमुख. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसा, भक्कमराव."

"बसत नाही, बाई. आधी बोलतो." "लेकीने बजावलं होतं, मी ऐकलं नाही. मला मोठा शहाणपणा! ती इमारत खेळातली होती. खरी म्हणाल तर माझ्या हातची एकसुद्धा आजवर पडलेली नाही. पण हे आता तुम्ही कशाला खरं मानाल? माझं राहू द्या. माझी माणसं वर्षभर दारात बसून आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही हो मला. तेवढा विचार करा."

फोन एकेक करून गप्प झाले. पॉलिशनेही मान खाली घातली.

"आमचा विचार करून झालाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसांना काम द्यायचं, एकमताने."

भक्कमरावांना वाटलं, कान वाजतायत. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ए... एकमताने?"

"हो. या पॉलिशसाहेबांनी तर आग्रहच धरला."

"यांनी?"

"अहो, सकाळपासून आम्ही सगळे आत जाऊन बघतोय. पाच मजले, सरळ खाली. धूळ नाही, शेजारच्या भिंतीला धक्का नाही, आणि तुम्ही मधोमध उभे, तुम्हाला साधं खरचटलंही नाही! माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं सफाईदार काम पाहिलं नाही." बाईंनी कागद पुढे सरकवला. "नवी इमारत पॉलिशसाहेब बांधतील. पण त्याआधी ही जुनी पाडायला नको का?"

भक्कमरावांनी सही केली. पेन कुठल्या बाजूने धरायचं हेही त्यांना दोनदा बघावं लागलं. बाहेर येऊन त्यांनी मुकादमांना फोन लावला.

"मुकादम, काम मिळालं."

पलीकडे एकच जल्लोष उसळला. कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी रडलं असावं. मग मुकादमांचा आवाज आला, "साहेब, मला ठाऊक होतं! बोला, विटा किती मागवू?"

भक्कमरावांनी इकडेतिकडे पाहिलं, फोनवर हाताचा आडोसा केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले,

"विटा नकोत हो, मुकादम. घण घेऊन या."