शिवणीवरचा चिंचोका

गोविंद मास्तरांनी नकाशा सुईदोऱ्यानं शिवला होता. थट्टा नाही करत. ब्रह्मदेश वेगळा झाला तेव्हा शाळेत त्याचा वेगळा नकाशा आला, आणि मास्तरांनी तो गोधडीच्या दोऱ्यानं हिंदुस्थानच्या नकाशाला जोडून वर्गात टांगला. इन्स्पेक्टर साहेबांना म्हणाले, ‘‘डोंगर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पोरं चढतीन कसे, साहेब?’’ बढती राहिली, आणि शाळेनं तो नकाशा त्यांच्याच गळ्यात मारला.

धंतोलीत आम्ही त्यांच्या शेजारी आलो ते नंतर. मास्तर एकटेच, बोलण्यात सारखा ब्रह्मदेश. तांदूळवालीलाही सोडायचे नाहीत. ‘‘इरावतीचा काय वं?’’

‘‘कामठीचा आहे, गुरुजी.’’

आमचे हे तेव्हा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून. लढाई तिकडे पोचली, पत्रं थांबली, लोक पायीच निघाल्याचं कळलं. माझं अन्नावरचं मनच उडालं. तिसऱ्या संध्याकाळी मास्तर नकाशा काखेत मारून ओसरीवर हजर. रंगूनवर दोन चिंचोके ठेवले.

‘‘सूनबाई, हे निघाले.’’

‘‘दोन काहून?’’

‘‘रस्त्यानं सोबत पाहिजे ना.’’

मग रोज दिवेलागणीला चिंचोके गव्हाएवढे सरकायचे. पण मी जेवल्याशिवाय मास्तर हात लावायचे नाहीत. कधी म्हणायचे, ‘‘आज मुक्काम. पाय सुजले असतीन.’’ एकदा नाव मिळत नाही म्हणून चार दिवस नदीकाठी अडवून ठेवले. मी चिडले. ‘‘तुमच्या घरचं काय जातं, गुरुजी?’’

‘‘घाई करून बुडवू काय त्यायले?’’ एवढंच बोलले.

चिंचोके शिवणीपाशी आले आणि एक दिवस हे दारात उभे. वाळून काडी झालेले, पण आपल्या पायांवर. आम्ही दोघं साखर घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, मग हळूच विचारलं, ‘‘रस्त्यात कोणी डावखुरा पोरगा दिसला काय? वसंता नाव. माझा मुलगा. मंडालेले असते, देश तुटला त्याच्याही आधीपासून.’’

हे म्हणाले, ‘‘नाही, गुरुजी.’’

‘‘रस्ता मोठा आहे,’’ मास्तर म्हणाले, आणि एक चिंचोका उचलून माझ्या हातावर ठेवला. दुसरा शिवणीवरच राहिला. या माणसाला मी घरचं काय जातं म्हणाले होते. त्यांनी मला जगवलं, आणि त्यांचं तिकडे कोण आहे, हे मी साधं विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ताट घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले.

‘‘गुरुजी, वसंता आज कुठवर आला?’’

मास्तरांनी शिवणीवरच्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. ‘‘मुक्काम असंन आज.’’

‘‘असेल. तुम्ही आधी जेवा,’’ मी म्हटलं. ‘‘मग सरकवू.’’