तांब्याच्या हंड्यातला समुद्र

वरदराजरावांच्या घरी समुद्र आला तो सरकारी जीपमधून. काचेची एक भलीमोठी पेटी, खाऱ्या पाण्याचे प्लास्टिकचे कॅन, बुडबुडे सोडणारं एक यंत्र आणि आठ मासे. कुंभकोणमहून समुद्र तसा लांब, पण साहेबांना हौस असली की तो जवळ येतो.

साहेब म्हणजे गुरुमूर्ति, खात्याचे उपसंचालक, मूळचे तूत्तुकुडीचे. समुद्रावाचून त्यांना करमत नसे. म्हणून जीप 'किनारपट्टीची पाहणी' करायला नागपट्टिणमला जाई आणि पाहिलेली किनारपट्टी कॅनमध्ये भरून आणी. आता साहेब प्रशिक्षणासाठी तीन महिने हैदराबादला निघाले होते. त्यांनी हेडक्लार्क वरदराजरावांना आत बोलावलं.

"रायर," साहेब म्हणाले. गावात मराठी घरच्यांना रायरच म्हणतात. "तुमची धर्मपुरीला बदली निघालीय. रद्द करणं माझ्या हातात आहे. परत आल्यावर बघू. तोवर माझे मासे सांभाळा. पाणी जीप आणून देईल."

ह्या वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं साहेबांचा चेहरा सांगत होता. वरदराजरावांना तो संबंध लागलीच कळला. साहेबांशी ते तमिळ बोलत, खात्याशी इंग्रजी, बायकोशी मराठी. पण 'होय' त्यांना तिन्ही भाषांत सारखंच छान येई. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. सारा जन्म कावेरीकाठी गेलेला. आता म्हातारपणी धर्मपुरीत खोली घेऊन, खानावळीचं सांबार गिळत बसायचं? आणि बायकोनं, तुळसीबाईंनी, तर सांगूनच टाकलं होतं, "तुम्ही जा खुशाल. मी इथनं हलायची नाही."

ज्या घरात माशाचं नाव निघालं तरी चूळ भरत, त्या घरात माशांची पेटी ओसरीवर मांडली गेली. तुळसीबाई दोन दिवस पेटीकडे पाठ फिरवून वावरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना एक केशरी मासा दिसला, अंगावर पांढरे उभे पट्टे असलेला. "पट्टे उभे आहेत, म्हणजे वैष्णव दिसतो," त्या म्हणाल्या आणि घरातलं वातावरण निवळलं.

आठवड्यात एक मासा मेला. म्हातारा होता, जीपचे धक्के सोसले नसतील. एवढ्यावर प्रकरण मिटायचं. पण साहेबांच्या बाबतीत नैसर्गिक मृत्यूलासुद्धा कारण दाखवावं लागतं. तुळसीबाईंनी ते चटकन शोधून काढलं.

"अहो, पाणी प्लास्टिकातनं येतंय! ओवळं ते! जीव जाईल नाही तर काय?"

त्यांनी आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा हंडा काढला, चिंच लावून लख्ख घासला आणि कॅनमधला समुद्र त्यात ओतला. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी शुद्ध होतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. सकाळी हंडा आतून हिरवागार झाला होता.

"बघा, समुद्राचा मळ कसा निघाला!" तुळसीबाई खूश झाल्या. ते शुद्ध पाणी पेटीत गेलं. त्या आठवड्यात दोन मासे मेले.

मग त्यांनी पाणी हंड्यात दोन रात्री ठेवायला सुरुवात केली. हा नियम वरदराजरावांना खात्यातूनच पाठ होता. उपाय लागू पडत नाही, ह्याचा अर्थ तो कमी पडतोय.

तरी त्यांनी तज्ज्ञांचं मत घेतलं. पहिले तज्ज्ञ कोपऱ्यावरच्या काप्पी क्लबाचे, म्हणजे कॉफीच्या हॉटेलाचे, मालक महालिंग. पाण्यातला कस त्यांच्याइतका गावात कुणाला कळत नसे, कारण दुधातलं पाणी पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी दूध मोजायची काचेची नळी समुद्रात सोडली, डोळा बारीक केला.

"पंचवीस डिग्री. रायर, ह्यात पाणी आहे."

"महालिंग, ते सगळं पाणीच आहे."

"मग गवळी तुम्हाला फसवतोय. माझ्याकडे तीसच्या खाली माल आत येत नाही."

महालिंगांच्या क्लबाची काप्पी सारं गाव रांग लावून पितं. त्यांचा शब्द कोण मोडणार? डिग्री तीस होईपर्यंत पेटीत मीठ पडत राहिलं. आणखी दोन मासे उलटे तरंगले. "दर्जा राखायचा तर थोडी नासाडी होतेच," महालिंग म्हणाले आणि नळी पुसून घेऊन गेले.

आता वरदराजरावांची झोप उडाली. त्यांनी मत्स्य खात्याचे निरीक्षक व्यंकटरमण ह्यांना गाठून घरी आणलं. निरीक्षकांनी काप्पी घेतली, पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"हे मासे खारे. माझ्या ताब्यात गोड्या पाण्याचे."

"मग खाऱ्यांचं कोण बघतं?"

"नागपट्टिणमचं कार्यालय. पण त्यांचा मासा समुद्रात असावा लागतो. कुंभकोणमात समुद्र नाही. तेव्हा खात्याच्या दृष्टीनं इथं मासाच नाही."

"अय्यो, पण तो मेला की हो!"

"जो नाहीच तो मरेल कसा?" व्यंकटरमण प्रेमानं म्हणाले. "निश्चिंत राहा. आमच्या नोंदीप्रमाणे तुमचा एकही मासा दगावलेला नाही."

संध्याकाळपर्यंत नोंद नसलेले आणखी दोन दगावले. उरला एकटा केशरी वैष्णव, तोही कोपऱ्यात तोंड खुपसून.

शेवटी वरदराजरावांनी, जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. साहेबांनी ज्या दुकानातून मासे घेतले होते त्या मद्रासच्या दुकानाला त्यांनी ट्रंककॉल लावला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सार, पाण्याला तांबं लागलं का?"

"लागलं म्हणजे काय! प्लास्टिकचा विटाळ नको म्हणून दोन-दोन रात्री तांब्यातच ठेवतो."

"सार, ह्या माशांना तांबं म्हणजे विष. तो हिरवा मळ समुद्राचा नव्हे, हंड्याचा." मग गळा खाकरून, "नवे मासे पाठवू का? सवलत देतो."

वरदराजराव घरी आले ते घाम पुसत. तुळसीबाईंनी ऐकून घेतलं आणि हंड्याला हात लावून म्हणाल्या, "तुमच्या आजीपासून ह्या हंड्यातलं पाणी पितोय आपण. कोण मेलं?"

"आजी मेली."

"नव्वदीत! आणि तो मद्रासचा मासळीवाला आम्हाला सोवळं शिकवणार?"

ह्यावर बोलणं म्हणजे घरातच धर्मपुरी ओढवून घेणं. वरदराजराव 'होय' म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच उठू लागले. हंड्यातला समुद्र ते परसातल्या केळीला घालत आणि पेटीत कॅनमधलं ताजं पाणी चोरून भरत. केळ वाळली. मासा मात्र हळूहळू कोपऱ्यातून बाहेर आला, खाऊ लागला, शेपटी उडवत पेटीभर फिरू लागला. त्याला बघून वरदराजरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बदलीचं भय विसरून ते त्या जिवाकडे टक लावून बसत.

"हंडा अखेर पावला!" तुळसीबाईंनी गल्लीभर सांगितलं. बायका हंड्याला कुंकू लावून गेल्या. महालिंगांनी मिठाचं श्रेय मागितलं आणि थोडं मिळवलंही.

तीन महिन्यांनी साहेब आले. आठाचा एक झालेला पाहून त्यांचा चेहरा काळवंडला. "रायर, हे काय?"

"साहेब, सगळेच जायचे," तुळसीबाई पुढं झाल्या. "हा वाचला तो आमच्या तांब्याच्या हंड्यामुळं. विचारा गल्लीत कुणालाही."

साहेब हंड्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू उजळला. "माझी आईसुद्धा हेच म्हणायची, अम्मा. आपले लोक आपलंच शास्त्र विसरले!" त्यांनी खिशातून बदली रद्द करण्याचा कागद काढला, तो पेटीच्या झाकणावर पसरला, पेनाचं टोपण उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, पेन तसंच ठेवून त्यांनी हंड्यात तांब्या बुडवला. पाणी हिरवं होतं.

"सही करण्याआधी मीही माझ्या हातानं घालतो. घालू ना, रायर?"

मासा काचेपाशी आला होता. खाऊ मिळेल म्हणून तोंड उघडझाप करत होता. पेन कागदाशेजारी पडलं होतं.

"घाला, साहेब," वरदराजराव म्हणाले.

तांब्या रिकामा झाला. मग सही झाली. सही मोठी झोकदार होती.

"अरे, एक शब्द बोलायला काय झालं होतं!" असं तुमच्या अगदी जिभेवर आलं असेल. तो शब्द वरदराजरावांच्याही जिभेवर आला होता. तुमची बदली निघाली नव्हती, एवढाच काय तो फरक.