यहूदाची खुर्ची

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात, आणि त्या बारांत आपला नंबर लागावा म्हणून वाडीतली माणसं वर्षभर एकमेकांचे पाय ओढतात. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. धुणारा गुडघ्यावर बसतो, धुऊन घेणारा खुर्चीवर. वाडीला त्यातली खुर्ची तेवढी लक्षात राहिली होती.

साळूबाईच्या नवऱ्याने, भिमाजीने, या चर्चच्या मागाहून बांधलेल्या घंटाघराला डोक्यावर दगड वाहिले होते. त्याची एकच हौस होती, एकदा तरी बारांत बसायचं. दर वर्षी तो अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पहिल्या बाकावर बसायचा आणि दर वर्षी तिथूनच घरी यायचा. जाताना बायकोला म्हणाला, "माझं ऱ्हाऊ दे. तुझा तरी नंबर लागू दे." तो बिचारा गेला, आणि त्याची हौस म्हातारीच्या गळ्यात पडली.

यंदा चर्चला शंभर वर्षं झाली म्हणून पाय धुवायला स्वतः बिशपसाहेब येणार होते. मग काय विचारता! नाताळाशिवाय देवाला तोंड न दाखवणारे लोक रोज संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला, रोजरीला हजर. कमिटीचे चेअरमन आप्पासाहेब सगळ्यांत पुढे, आणि त्यांना खुर्चीवरून ओढायला टपलेले अमृत मास्तर त्यांच्या शेजारी. दोघांचे डोळे मिटलेले, आणि दोघांचं लक्ष एकमेकांकडे.

त्यात युवक मंडळाच्या रविराजला कल्पना सुचली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेका शिष्याचं नाव चिकटवायचं, खुर्च्यांची पाठ लोकांकडे ठेवायची, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल आणि व्हिडिओतही दिसेल. कमिटीने आपल्याच घरातले बारा जण काढले आणि कुणी कुठं बसायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. अमृत मास्तरांना शिष्यांतला पहिला, पेत्र आला. आप्पासाहेबांना आला यहूदा.

हो, तोच. प्रभूला धरून देणारा. बारांत तोही होताच.

"मी? चेअरमन माणूस मी!" आप्पासाहेब ओरडले. "पुढच्या महिन्यात इलेक्शन हाय. हा व्हिडिओ फिरला तर लोक काय म्हनतील?"

"लोक म्हणतीलच कशाला? त्यांना ठाऊकच आहे," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या.

आप्पासाहेबांनी चिठ्ठी फेकली. ती दुसऱ्याने उचलली आणि चटका बसल्यासारखी तिसऱ्याकडे दिली. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. चौथ्याने नवीन दुकान टाकलं होतं. यहूदा व्हायला वाडीत माणूस मिळेना, ही तर कमालच झाली! शेवटी मागे झाडू मारणारी साळूबाई पुढे आली.

"मी बसू का?"

"आजी, यहूदाची खुर्ची हाय ती," रविराज म्हणाला.

"म्हाईत हाय की. पर प्रभूनं त्येचं बी पाय धुतलंच ना? मला तेवढंच पायजे."

कमिटीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हातारीला मात्र त्या रात्री झोप नाही. तिने पायांच्या भेगांना खोबरेल चोळलं, सून सुरेखाने टाच दगडाने घासून दिली, आणि भिमाजीच्या फोटोसमोर उभी राहून साळूबाई म्हणाली, "लागला बरं का नंबर. खुर्ची कुनाची ते मातर इचारू नका."

गुरुवारी संध्याकाळी चर्च गच्च भरलं. मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थना, सुरू व्हायच्या जरा आधी अकरा जण चर्चमागच्या नळावर गेले. बिशपसाहेब पाय धुऊन झाल्यावर पायाचं चुंबन घेतात, असं मठातल्या सिस्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे बिशपसाहेबांना धुवायला काही उरू नये असा सगळ्यांचा निश्चय. साबण झाला, घासणी झाली, अत्तर झालं. मास्तरांनी तर नखं धुवायलाच दोन बादल्या घेतल्या. नळ खोकला, दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. टाकी कोरडी.

रविराजच्या तोंडचं पाणी पळालं. "टँकर उद्या येनार! आता पाय धुवायचे कशानं?"

"धुतलेलेच आहेत की," मास्तर म्हणाले.

चर्चला सर्वांत जवळचं घर साळूबाईचं. रविराज तिच्या खुर्चीशी धावला. म्हातारी जांभळं लुगडं नेसून, हात जोडून बसली होती. "आजी, घरी पानी हाय का?"

"हंडाभर हाय. हापशावरून आनलंय. प्यायचं हाय ते."

"आना ना! तुमच्याशिवाय कोन देनार?"

साळूबाई उठली, पण खुर्चीचा हात काही सोडेना. "माझी जागा ऱ्हाईल ना रं?"

"अहो, यहूदाची खुर्ची कोन घेतंय?"

हे मात्र खरं वाटलं तिला. ती निघाली.

इकडे घंटा झाली. उंच टोपी घातलेले बिशपसाहेब आत आले, कॅमेरा वळला, आणि आप्पासाहेबांना दिसलं की पेत्राच्या खुर्चीत अमृत मास्तर छाती काढून बसलेत. मास्तर दिसणार, आपण नाही! दुसऱ्या टोकाची खुर्ची रिकामी होती. आप्पासाहेबांनी मागचा पुढचा विचार केला नाही. म्हणजे पुढचा केला, मागे काय चिकटवलंय ते विसरले, आणि जाऊन बसले.

लोकांत खसखस पिकली. आप्पासाहेबांच्या बायकोने पहिल्या बाकावरून खोकून खोकून घसा बसवला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तोंडाने "प्रभू दया कर" म्हणत त्यांनी हात मागे नेला, कागद उपटला आणि शेजारच्या थोमाच्या खुर्चीच्या पाठीवर दाबला. थोमाने मागे चाचपलं आणि तो मत्तयाला दिला. मत्तयाने पुढे सारला. अख्ख्या चर्चच्या देखत यहूदा ओळीने निघाला. सगळे हात जोडल्यासारखं दाखवत होते, आणि प्रत्येकाचा एक हात पाठीमागे होता.

तेवढ्यात साळूबाई हंडा कमरेवर घेऊन धापा टाकत बाजूच्या दाराने आली. तिला खुर्चीत आप्पासाहेब दिसले.

"आप्पासाहेब, ती माझी..."

"सुरू झालंय ना! आता मधीच उठू व्हय?" ते पुटपुटले. "तू पानी वत. ती बी सेवाच हाय."

रविराजने मान खाली घातली आणि तिला मास्तरांच्या खुर्चीशेजारी नेऊन उभं केलं. म्हातारीने संतापाने हंडा घट्ट धरला. पण चर्चमध्ये तिने कधी आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही. आणि त्याच वेळी यहूदा मास्तरांपाशी पोचला. मास्तरांच्या पुढे खुर्ची नव्हती. साळूबाईची पाठ होती.

विधी सुरू झाला. बिशपसाहेब गुडघ्यावर बसले. ते खरोखरच भक्तिमान गृहस्थ होते. प्रत्येक पाय असा धरत, जणू आपल्याच बापाचा पाय आहे. साळूबाई वाकून पाणी ओतत होती. एकेक पाय झाला की ती पुढच्या खुर्चीकडे वळायची, आणि वळली की तिच्या पाठीवरचा यहूदा सगळ्या चर्चला दिसायचा. पोरं फिदीफिदी हसत होती, बायका पदरात तोंड घालत होत्या. साळूबाईला वाटलं, आपल्या पायांच्या भेगांना हसतायत. तिने लुगडं ओढून पाय झाकले.

शेवटी आप्पासाहेब. त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. "घोट्यापत्तूर वत," ते हळूच म्हणाले, "कॅमेरा हाय." हंडा तळाला गेला.

बिशपसाहेब उठले आणि तेव्हा कुठे तिच्या पाठीवरचा कागद त्यांना दिसला. त्यांनी तो अलगद काढला आणि वाचला.

"हे कुणी लावलं?"

शेवटच्या जेवणाच्या रात्री प्रभूने 'तुमच्यातलाच एक मला धरून देईल' म्हटलं, तेव्हा शिष्य बिचारे 'मी तर नाही ना?' म्हणून विचारत होते. इथे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. बाराच्या बारा जणांनी एका सुरात सांगून टाकलं, "मी नाही!"

बिशपसाहेबांचा चेहरा पडला. ते साळूबाईकडे वळले. "आजी, तुमचे पाय धुवायचे राहिले. बसा."

म्हातारीने चटकन आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब पायांकडे बघत होते, पाय ओले असल्यामुळे उठता येत नाही अशा आविर्भावात. बिशपसाहेबांनी स्वतःचीच खुर्ची पुढे ओढली, तिला बसवलं आणि हंडा वाकडा केला. मग आणखी वाकडा केला. मग उलटा केला.

एक थेंब नाही.

"आता पाणी..." बिशपसाहेब इकडेतिकडे बघत म्हणाले. कुणी हललं नाही. रविराजने घाबरून गाणाऱ्यांना खूण केली आणि पेटी वाजू लागली. बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं त्यांच्या हाती काही नव्हतं. साळूबाईने तेवढ्यात त्यांच्या मुठीतला कागद मागून घेतला.

घरी सुरेखाने नुसता आकांत मांडला. "मेल्यांनी खुर्ची घेतली ती घेतली, पानी बी संपवलं! पोटात घालायला थेंब न्हाई घरात. आन वर तुमालाच यहूदा केलं! द्या तो कागद, चुलीत घालते."

"थांब!" साळूबाई ओरडली. तिने कागद मांडीवर ठेवला, हाताने सुरकुत्या मोडल्या आणि भिमाजीच्या फोटोमागे नीट खोचून ठेवला.

"ऱ्हाऊ दे. पुढल्या साली लागंल. यहूदाचं नाव घ्यायला कुनीच तयार न्हाई, तवा खुर्ची माझीच." ती कोरड्या हंड्यात एकदा डोकावली. "पर पुढल्या साली पानी दडवून ठेवीन."