झिरो डेपचा घसारा

गाडीच्या विम्यात झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतल्यापासून गाडीचा घसारा शलाकाला होऊ लागला, आणि यात विमा कंपनीची काहीच चूक नव्हती.

झिरो डेप घेतलं म्हणजे गाडी झिजायचीच थांबते, असा तिचा समज होता. चांगली शिकलेली बाई. पण लेकीच्या, मनवाच्या, सर्दी-खोकल्यातून पॉलिसीची मागची पानं वाचायला सवड कुठली! झीज थांबत नाही, फक्त गाडीच्या नावावर राहत नाही, हे तिला उशिरा कळलं. रबराचा घसारा गुडघ्यांत आला, पत्र्याचा कमरेत. काचेला घसारा लागत नाही, त्यामुळे डोळे तेवढे लख्ख राहिले. आपलं काय होतंय ते तिला नीट दिसत होतं.

"अगं, टॉनिक घे काहीतरी," नवरा, अभिराम, म्हणाला. "गाडी बघ कशी राहिलीय!"

स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं. आई झाल्यावर थोडंफार झिजायचंच, हे तिने गृहीतच धरलं होतं. पण आज तीन वर्षांची मनवा जिन्यात मध्येच बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, "आई गं, दुखतंय." शलाका तिला घेऊन तडक विमा एजंट पिंगळ्यांच्या ऑफिसात गेली.

"वहिनी, नॉमिनी कोण लावलंय?"

"मनवा. प्रेमानं लावलं हो."

"मग बरोबर आहे. तुमच्यात मावेनासं झालं की पुढचं तिच्याकडे."

"काढा तिचं नाव."

"काढतो की. मग कायदेशीर वारसाकडे जाईल."

"वारस कोण?"

पिंगळ्यांनी मनवाच्या हातावर एक चॉकलेट ठेवलं.

"तिला नका हो लावू. सगळं मलाच लावा. मी पुरेन."

"पुष्कळांचा हाच गैरसमज असतो," पिंगळे हळूच म्हणाले. "आई पुरेल असं वाटतं त्यांना."

"मग ते कव्हरच बंद करा!"

"गाडी जुनी झाली की आपोआप बंद होतं."

"पण गाडी जुनी होतेय कुठे?"

"तेच तर! एवढं चांगलं कव्हर दुसरं नाही बाजारात, वहिनी."

शलाकाने मनवाला कडेवर घेतलं. दोघींचेही सांधे वाजले. पिंगळे लगबगीने बाहेर आले आणि त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. त्याचा मात्र जराही आवाज झाला नाही.