मागं वळून बघणारा गडी

तात्या सुभेदारांनी पहिल्याच शनिवारी माझ्या चौथीच्या पोरांना आभाळात माणसाचं काळीज खाणारा गरुड दाखवला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरोघर पोरांनी ताटातली कलेजी बाजूला काढली. मटणाच्या वाटीपुढं रडणारं पोर आमच्या भागात तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तर हबकलेच.

आमची शाळा विट्याजवळच्या एका गावात आहे. तात्या शाळेशेजारी एकटेच राहतात. मिलिटरीतनं रिटायर झालेले. वाळवंटातल्या चौकीवर असताना एका साहेबानं त्यांना तारे शिकवले, आणि सोबत ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टी. "पोरांना आभाळ दाखवाल का?" असं मीच विचारलं होतं. कुठून बुद्धी झाली! आता दर शनिवारी दिवेलागणीनंतर मैदानात फॉल-इन होतं, पोरं 'हाजिर' म्हणून ओरडतात आणि तात्यांची बॅटरी आभाळात फिरते.

"एका गड्यानं माणसांसाठी देवाची आग चोरली. देवानं त्याला डोंगराला साखळीनं बांधला. गरुड दिवसा काळीज खायचा, रातच्याला ते परत उगवायचं. सकाळी ड्यूटी पुन्यांदा चालू!"

"आवं तात्या, जरा बेतानं सांगा की. लहान पोरं आहेत."

"न्हाई बाई. रिपोर्ट हाय तसा द्यायचा. मेला तर मेला म्हनायचं."

मग आली शर्मिष्ठा, पुराणातली नव्हे, त्या नावाच्या चांदण्यांमधली. ग्रीकांची राणी. "पोरीच्या रूपाची फुशारकी मारली, म्हणून हिला खुर्चीला बांधून फिरवत्यात. निम्मी रात खाली डोकं, वर पाय." सोमवारी सरपंचबाई वर्गात आल्या आणि आपल्या लेकीचं कौतुक करू लागल्या. सगळा वर्ग घाबरून ओरडला, "काकू, गप बसा! उलट्या टांगत्याल!" मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पालकांची बैठक बसली. "आवं बाई, पोरगं झोपंत किंचाळतंय, लय भ्यालंय." शेवटी ठरलं, तात्यांनी गोष्टी गोड करून सांगायच्या, नाहीतर शनिवार बंद. हे त्यांना सांगायचं कुणी? मी! तात्या शुक्रवारीच मैदान झाडून ठेवतात, हे मी दर आठवड्याला खिडकीतनं बघणारी. शनिवारपर्यंत टाळलं.

मैदानात गेले तेव्हा बॅटरी स्वरमंडळावर, म्हणजे वीणेच्या तारकापुंजावर होती. ती गोष्ट मला ठाऊक होती. तात्यांची चूक पकडायला मी पुस्तकच मागवून वर्गात ठेवलं होतं ना! वीणा वाजवणारा एक गडी मेलेल्या बायकोला यमाकडून परत आणतो. अट एकच, घर येईपर्यंत मागं बघायचं नाही. तो बघतो, आणि ती कायमची जाते. झालं, म्हटलं, आज सगळं गाव जागं राहणार.

"तर गड्यानं मागं बघितलं," तात्या म्हणाले. "येकदा न्हाई, धा येळा बघितलं. आन ती मागनं म्हनतीया, 'आवं, फुडं बघा, ठेच लागंल.' अशी भांडत भांडत दोघं घरी आली. तिनं च्या केला."

मी उडालेच. तात्या आणि खोटा रिपोर्ट?

पुढं बसलेली मनीषा उठली. "तात्या, बाईंच्या पुस्तकात ती परत जाती. रिपोर्ट हाय तसा द्यायचा न्हवं?"

बॅटरी विझली. तात्या माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, रजा संपवून निघालेल्या शिपायानं मागं बघू न्हाई म्हनत्यात. घरावर संकट येतंय. माजी बायकू आजारी हुती, तरी उंबऱ्यात उभी. मी न्हाई बघितलं. तिच्या भल्यासाठी. चौकीवर पोचलो तर तार आलीवती. गोष्टीतल्या गड्यानं बघितलं म्हणून त्याची गेली. मी बघितलंच न्हाई, तरी गेली. निदान तोंड तरी बघितलं असतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. बैठकीचा निरोप मी दिलाच नाही.

"मनीषा," मी म्हटलं, "पुस्तक चुकलंय गं. तात्या सांगतात तसंच झालं." वर्गाशी मी कधी खोटं बोलले नव्हते. आणि पालकांना काय, तात्यांनी गोष्ट गोड सांगितली एवढं तर मी शपथेवर सांगणार होते.

बॅटरी पुन्हा लागली. मागून कुणीतरी विचारलं, "तात्या, च्यात साखर किती घातली तिनं?"

"तीन चमचे," तात्या लगेच म्हणाले. "कितीबी सांगा, तिनाच्या खाली कधी आली न्हाई."